मॅडम, कारवानी घेऊ का?

“फारसं कुणी पाळत नाही अशा जातीचं कुत्रं आणलं आणि नाही जमलं, तर?” हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. मी कौटुंबिक समुपदेशन करते, जनावरांची डॉक्टर नाही. पण घरात कुत्र्यावरून वाद पेटला की तो कुत्र्यापुरता राहत नाही, म्हणून माझ्या दारात येतो. त्यातलंच एक घर सांगते. परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुण्यात सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मूळ गाव जत तालुक्यात. बायको गेल्यावर गावचं घर बंद करून मुलाकडे आलेले. मुलगा संदीप आणि सून वर्षा, दोघंही नोकरीला. नात सई सहावीत. सईला लॅब्राडोर हवा होता. आप्पांचं म्हणणं, कुत्रं आणायचंच तर कारवानी. वर्षाचं म्हणणं, कुठलंच नको. माझ्याकडे आले तेव्हा तीन आठवडे आप्पा आणि वर्षा एकमेकांशी सईमार्फत बोलत होते. “आप्पांना सांग, चहा झालाय.”

कारवानी म्हणजे नेमकं काय, हे मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. सांगली-सोलापूरपासून पलीकडे विजापूर-बागलकोटपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यातलं हे शिकारी कुत्रं. उंच, लांब पायांचं, पोट आत ओढलेलं, तोंड निमुळतं. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारं. कर्नाटकात त्याला मुधोळच्या नावानं ओळखतात. कानाला आणि शेपटीला लांब केस असले की पश्मी म्हणतात. आप्पा सांगायला लागले आणि थांबेचनात. लहानपणी सशामागे सुटलेलं कुत्रं त्यांनी हातवाऱ्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत पळवून दाखवलं. (1972च्या कायद्यानं ती शिकार आता गुन्हा आहे, हे संदीपनं मधेच सांगितलं. आप्पांनी न ऐकल्यासारखं केलं.)

“मॅडम, लॅब्राडोर म्हंजी पाव्हणा आला तरी शेपूट हलवणार आन् चोर आला तरी शेपूट हलवणार.”

संदीप मोबाइल पुढे करून म्हणाला, बघा, 2005 मध्ये टपाल तिकीट निघालंय मुधोळ हाऊंडवर, 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलंय. वर्षा शांतपणे म्हणाली, “तिकिटावर वाघ पण असतो.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. पुढच्या वेळी तिला एकटीला बोलावलं. सासूबाईंच्या आजारपणात सगळ्या रजा तिच्या गेल्या होत्या. “तेव्हाही सगळे म्हणाले होते, आपण मिळून करू,” एवढंच म्हणाली. तिचा राग कुत्र्यावर नव्हताच. आप्पांशी एकट्याशी बोलले तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले, मग म्हणाले, “गावात जनावर आजारी पडलं की लोक मला बोलवायला यायचे. हितं लिफ्टचं बटन सुदिक सई दाबती.”

असं काही असलं की मी एक साधी गोष्ट करते. मोठ्या कागदावर घड्याळ काढायला लावते, चोवीस तासांचं, आणि कुत्र्याचा दिवस त्यात भरायला सांगते. पहाटे कोण फिरवणार, दुपारी घरात कोण, खाणं कोण शिजवणार, शी कोण उचलणार, लशींच्या तारखा कोणाच्या डोक्यात राहणार. देशी जातीचा अभिमान चांगलाच, पण अभिमानाला रात्री दहाला पावसात खाली न्यावं लागत नाही. आप्पांनी पहाटे साडेपाचच्या घरात आपलं नाव ठसठशीत लिहिलं. दुपारही त्यांचीच. रात्री दहाचं घर मात्र कोरं राहिलं. सगळे वर्षाकडे बघायला लागले. तिनं पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. दोन-तीन मिनिटं कुणी बोललं नाही. मग संदीपनं पेन उचललं.

दुसरी अट मी घातली: पिल्लू बघायचं नाही, मोठं कुत्रं बघायचं. पिल्लं सगळ्याच जातींची गोड असतात, त्यावरून काही कळत नाही. दिवाळीत सगळे जतला गेले. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे चार वर्षांची कारवानी मादी होती. सईला सांगून ठेवलं होतं, एक तास बसायचं, हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. सईनं नंतर मला सांगितलं, “मॅडम, ती आलीच नाही. नुसती लांबून बघत होती. मग खूप वेळानं आली, माझी पिशवी हुंगली आणि परत जाऊन झोपली.” मी विचारलं, मग कसं वाटलं? “राग आला आधी. मग वाटलं, ही आप्पांसारखीच आहे.”

हे त्या पोरीनं बरोबर टिपलं होतं. कारवानी घरच्यांना जीव लावते, पण अंगचटीला येत नाही, परक्यानं हात लावलेला तर तिला अजिबात खपत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्यात पडणारं कुत्रं हवं असेल, तर हे घेऊन दोघांचेही हाल होतात. फ्लॅटमध्ये राहील का, ही लोकांची नेहमीची भीती असते. रोज पोटभर पळायला मिळालं तर ही जात उरलेला वेळ लोळून काढते, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

त्याच भेटीत वर्षानं कुणालाही न विचारता त्या शेतकऱ्याला सरळ विचारलं, “नाही जमलं तर परत घ्याल का?” संदीप ओशाळला. शेतकऱ्याला काहीच वाटलं नाही. “माझ्या घरचं लेकरू हाय ताई. कवाबी आणा. फकस्त रस्त्यावर सोडू नका.” परतीच्या गाडीत वर्षा म्हणाली, आणूया. ‘नाही जमलं तर?’ हा प्रश्न लोक मला विचारतात, आपापसात विचारत नाहीत, आणि ज्याच्याकडून पिल्लू घ्यायचं त्याला तर नाहीच नाही. त्या एका उत्तरानं तिला जेवढं मोकळं केलं, तेवढं माझ्या चार बैठकांनी केलं नव्हतं.

दहा आठवड्यांची मैना घरी आली. (आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला ब्रीडरला कायद्यानं मनाई आहे, कुणी महिन्याचं पिल्लू हातात ठेवत असेल तर तिथून उठावं.) पहिले काही महिने बरे गेले. त्रास झाला तो बाहेरच्यांचा. मैनाच्या बरगड्या दिसायच्या, आणि सोसायटीत रोज कुणीतरी विचारायचं, “खायला घालता की नाही?” हा प्रश्न नेहमी वर्षालाच. आप्पा गुपचूप तूप-पोळी चारायला लागले. शेवटी पशुवैद्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं करून शेवटच्या बरगड्यांवरून बोट फिरवून दाखवलं: या जातीत एवढ्या दिसायलाच हव्यात, पाठ भरली की सांधे बोंबलतील. नसबंदी करायची असेल तेव्हा भूल देणाऱ्याला जात आवर्जून सांगा, हेही त्यांनीच बजावलं. अंगावर चरबी कमी असल्यानं काही औषधांची गुंगी अशा कुत्र्यांना लवकर उतरत नाही.

मग ती संध्याकाळ आली, आणि तिथे चूक माझीही होती. मैना सात महिन्यांची होती. पार्किंगमध्ये मांजर दिसलं. तिनं मान मागे खेचली आणि पट्टा डोक्यावरून अलगद निघून आला. हातात नुसती साखळी घेऊन सई उभी. कारवानीचं डोकं मानेपेक्षा बारीक. साधा पट्टा कितीही आवळा, सुटतो. ओढ बसली की थोडा आवळणारा रुंद पट्टा लागतो. मी घरातल्या माणसांच्या मनाचा कोपरान् कोपरा धुंडाळला, पण आणायच्या आधी एकदा पशुवैद्यांकडे जाऊन या, हे सांगितलंच नव्हतं. आता पहिल्याच भेटीत सांगते. आणि मोकळं सोडायचं तर कुंपण घातलेल्या मैदानातच. नजरेत काहीतरी पळणारं आलं की या कुत्र्याला हाक ऐकू येत नाही.

तीन तास सापडली नाही. संदीप ऑफिसात होता. आप्पा गेटजवळच्या पायरीवर बसून राहिले, म्हणाले, घर ठाऊक हाय तिला. सईला मागे बसवून स्कूटरवरून कालव्याच्या कडेनं हाका मारत फिरली ती वर्षा. साडेनऊला मैना आपल्या पायांनी गेटवर आली, एका पायाला खरचटलेलं. वर्षा पोचली तेव्हा आप्पांनी साखळी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “वर्षा, तू ने वर.” सईमार्फत नाही.

वर्षभरानं चौघं शेवटच्या बैठकीला आले, तेव्हा मी फाइलमधून ते घड्याळ काढलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षानं पेन मागितलं, रात्री दहाच्या घरातलं संदीपचं नाव खोडलं आणि आपलं लिहिलं. मी म्हटलं, हे कसं काय?

“मैना काही बोलत नाही, जवळ येत नाही, नुसती शेजारनं चालते. दिवसभरात तेवढाच अर्धा तास मला कुणी काही विचारत नाही.”