मित्राला आमच्याच ग्रुपमधला मुलगा आवडतो, त्याच्या घरी सांगावं का?

नाही. सांगू नको. त्याच्या आईला नाही, बाबांना नाही आणि तुझ्या आईलाही नाही, कारण तुझ्या आईकडून त्याच्या आईकडे बातमी जायला एक भिशी पुरते.

तू लिहिलंस की तुम्ही अकरावीतले सहा जण, सगळे चांगल्या घरचे, त्यातल्या एकाला ग्रुपमधलाच दुसरा मुलगा आवडतो, त्याने विश्वासाने तुला एकट्याला सांगितलं, पण आणखी एकाला ते कुठून तरी कळलं आणि तो म्हणून राहिला की मोठ्या घरचं पोट्टं आहे, घरी सांगून मोकळे होऊ, उद्या आपल्यावर यायला नको. आणि ग्रुप तुटू नये म्हणून काय करायचं तेही विचारलंस. मी इथे एरवी जीएसटीच्या प्रश्नांपलीकडे काही लिहीत नाही, पण हा प्रश्न वाचून मला काल झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

२०१३ साली आम्ही बारावीत होतो. मी नागपूरच्या धंतोलीतला, वडील डॉक्टर. माझा मित्र, त्याला आम्ही शेठ म्हणायचो, सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात राहायचा, हिंगण्याच्या एमआयडीसीत त्यांची फॅक्टरी. आणि लंबू, रामदासपेठेतल्या बिल्डरचा मुलगा, सहा फुटाच्या वर. आणखी दोघं होते. शंकर नगरला ट्यूशन, पाच जणांच्या तीन गाड्या, तीन ड्रायव्हर.

लोकांना वाटते की अशा घरात पोरांना मोकळीक असते. गाडी असते, फोन असतो, पैसे असतात, पण मोकळीक कुठून येणार? ड्रायव्हरला माहीत असतं तू कुठे उतरला, चौकीदाराला माहीत असतं किती वाजता आला, स्वयंपाकाच्या मावशीला माहीत असतं कोणाच्या ताटात काय उरलं आणि हे सगळे लोक तुझ्या बाबांचा पगार खातात. शेठने मला सांगितलं ते त्या पावसाळ्यात, गाडीत, ड्रायव्हर काका पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायला उतरले तेव्हा. तेवढाच वेळ होता त्याच्याकडे. ठेल्यावरचा पोऱ्या पन्नी घासून राहिला होता आणि शेठ काचेतून त्याच्याकडेच बघत बोलला, "लंबू ट्यूशनला नाही आला ना, तर मला पोटात कसंतरी होते बे. मुलींबद्दल असं कधीच नाही झालं." मी म्हटलं, हाव, मग? तो म्हणाला, मग काही नाही, तुला सांगितलं. काका आले, गाडी सुरू झाली, विषय संपला. त्याला माझ्याकडून उत्तर नको होतं, एका माणसाला माहीत असावं एवढंच हवं होतं. तुझ्या मित्रालाही तुझ्याकडून बहुतेक तेवढंच हवं असेल.

शेठला प्रेम दाखवायचा एकच मार्ग घरात शिकवला गेला होता, विकत घेऊन देणे. लंबूच्या वाढदिवसाला त्याने इतके महागडे बूट दिले की लंबूच्या आईने विचारलं बिल कुठे आहे. लंबू काही मूर्ख नव्हता, त्याला कळलं. लंबूला तसं वाटत नव्हतं, त्याला मुली आवडायच्या आणि हे त्याने शेठला सरळ सांगितलं, पण त्याच्या बाजूला बसणं सोडलं नाही, बूट रोज घातले आणि म्हणाला पुढच्या वेळी काही घेऊ नको, माझ्यासोबत जामठ्याला मॅचला चल. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाची वनडे होती. शेठच्या बाबांना बॉक्सचे पास आले होते, पण लंबूला स्टँडमध्येच बसायचं होतं, म्हणून शेठ पहिल्यांदा आयुष्यात स्टँडमध्ये बसला. ३५१ चा पाठलाग, धवनचं शतक, कोहलीचं शतक, जिंकलो तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि शेठचा हात लंबूच्या खांद्यावर बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ राहिला. आमच्यातल्या पाचव्याने ते पाहिलं. गर्दीत कोणीच बघत नव्हतं, त्यानेच पाहिलं.

मग ११ डिसेंबर. सुप्रीम कोर्टाने त्या दिवशी कलम ३७७ पुन्हा लागू केलं, म्हणजे दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये दिलेला निकाल फिरवला आणि दोन पुरुषांचं प्रेम परत गुन्ह्याच्या खात्यात गेलं. हिवाळी अधिवेशन सुरू होतं, सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बॅरिकेड, आम्ही अभ्यासाला शेठकडेच होतो कारण बाहेर निघायलाच तास लागायचा. काकूंनी, म्हणजे शेठच्या आईने, तुरीच्या दाण्यांच्या कचोऱ्या केल्या होत्या. टीव्हीवर दिवसभर तीच बातमी. शेठचे बाबा म्हणाले, "बरं झालं, कोर्टाने कोणाला तरी अक्कल शिकवली, नाहीतर हे रोग घराघरात आले असते." शेठ कचोरी तोडून राहिला होता, खात नव्हता, नुसती तोडत होता, शेवटी प्लेटमध्ये कचोरी राहिलीच नाही, चुरा होता आणि त्यातले दाणे तो एकेक करून बाजूला लावत होता. लंबू उठला, रिमोट घेतला, म्हणाला, "काका, सेंच्युरियनची मॅच लावतो ना, डी कॉक खेळून राहिला." आणि लावली. दुसऱ्याच्या घरात, त्याच्या बापासमोर, सतरा वर्षांच्या पोट्ट्याने. मी आजपर्यंत मैत्रीची जेवढी भाषणं ऐकली ती सगळी एकीकडे आणि ते रिमोट उचलणं एकीकडे.

त्यानंतर आठवडाभरात पाचव्याने आपल्या आईला सांगितलं. वाईट हेतूने नाही म्हणे, काळजीपोटी. त्याच्या आईने काळजीपोटी काकूंना सांगितलं. आणि मग जे झालं ते फक्त पैसेवाल्यांच्या घरातच इतक्या झटपट होऊ शकते. फोन काढून घेतला, ड्रायव्हर बदलला, ट्यूशन घरी लावली, लंबूच्या बाबांना फोन गेला, मुंबईतल्या एका डॉक्टरकडे विमानाने नेऊन आणलं आणि त्याने गोळ्या दिल्या. प्रिलिमला शेठ बाकावर डोकं ठेवून झोपायचा. बोर्ड कसंतरी झालं आणि सप्टेंबरात त्याला कॅनडाला पाठवून दिलं. साध्या घरचा पोरगा असता तर मार खाल्ला असता, रडला असता आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत मित्रांना भेटला असता, इथे पैसा होता म्हणून पोरगाच उचलून दुसऱ्या खंडात ठेवता आला. तो आता तिथे नोकरी करतो, मला फोन करतो, लंबूला करतो. घरी करत नाही.

आता माझ्यावरचा आरोप. मागच्या लग्नसराईत वर्धा रोडच्या एका लॉनवर काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुला सगळं माहीत होतं रे. तेव्हाच सांगितलं असतंस तर वेळेवर इलाज झाला असता, आज माझा मुलगा घरी असता." घरी येताना गाडीत माझी आईही तेच, की बाई बिचारी चूक काय बोलली. काकूंना मी लॉनवर काही बोललो नाही, लग्नघर होतं. इथे बोलतो.

काकू, इलाज कशाचा? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, शेठ जन्मायच्या आधी. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की हा आजार नाही. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने तो २०१३ चा निकाल रद्द केला. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या मेडिकल कौन्सिलला कळवलं की असे 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे तुम्ही ज्या इलाजाला उशीर झाला म्हणता तो इलाज करणाऱ्यावरच आज कारवाई होऊ शकते. मी पावसाळ्यात सांगितलं असतं तर त्या गोळ्या डिसेंबरऐवजी पावसाळ्यात सुरू झाल्या असत्या, एवढाच फरक. तुम्हाला माहीत नव्हतं ते सगळे महिने शेठ जेवत होता, युनिट टेस्टला फिजिक्समध्ये माझ्या पुढे होता, जामठ्याला घसा बसेपर्यंत ओरडत होता. तुम्हाला कळल्यावर तो गेला. ज्याने सांगितलं त्याला तुम्ही अजून गुणी मुलगा म्हणता आणि जो गप्प राहिला त्याच्याकडे हिशोब मागता, हे मला मान्य नाही आणि आई, तू हे वाचत असशील तर तुलाही सांगतो, मला मान्य नाही.

बरं, तुझ्याकडे येतो भाऊ. सगळेच आईबाप असे नसतात हे मला माहीत आहे, पोराला जवळ घेऊन बसलेले आईबाप मी नागपुरातच पाहिलेत. पण त्यांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तुझ्या मित्राचा. लग्नाला कायद्याची मान्यता अजून नाही, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कोर्टाने ते संसदेवर सोडलं, पण आवडणं हा गुन्हा राहिलेला नाही, एवढं त्याला नक्की सांग, कारण असली पोरं रात्री एकटी बसून इंटरनेटवर जुनंच काहीतरी वाचतात.

गप्प राहण्यालाही मर्यादा आहे. तो जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, कोणी फोटो किंवा चॅट दाखवून पैसे मागत असेल (मोठ्या घरच्या पोरांसोबत हे होते), किंवा यात कोणी वयाने मोठा माणूस असेल, तर लगेच एका भरवशाच्या मोठ्या माणसाला सांग. तेव्हाही 'त्याला धोका आहे' एवढं सांग, 'त्याला कोण आवडतो' ते सांगायची गरज नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, मुलांसाठी १०९८ आहे. आणि ज्याच्यावर त्याचं मन आहे तो मुलगा नाही म्हणाला तर ते नाहीच, त्याला मनवायला ग्रुपने पडू नये.

ग्रुप तुटेल का? आमचा तुटला, पण तो शेठमुळे तुटला नाही. तुमचा राहील की नाही मी कसं सांगू. तू आज एवढं कर, त्या दुसऱ्याला, जो घरी सांगायचं म्हणून राहिला, त्याला एकट्याला भेट, चॅटवर नको, स्क्रीनशॉट फिरतात. त्याला विचार की उद्या त्याच्या आईने काय करावं असं त्याला वाटते. आणि तरीही तो सांगणारच म्हणत असेल तर तसाच उठून तुझ्या मित्राकडे जा आणि त्याला सावध कर, म्हणजे घरी कळलंच तर ते त्याच्या तोंडून कळेल, भिशीतून नाही.