निवृत्त सुभेदाराने कोकणातून अपक्ष म्हणून विधानसभा लढवावी का? पेन्शन बंद होते का?

तुमचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, रत्नागिरी जिल्ह्यातून विधानसभेला अपक्ष उभं राहायचं म्हणतात, तर पेन्शन थांबेल का आणि निवडून येण्याची शक्यता किती, असं तुम्ही विचारलं आहे. पेन्शन थांबत नाही. पेन्शन म्हणजे लाभाचं पद नव्हे. अडचण येते ती निवृत्तीनंतर डीएससीत (माजी सैनिकांना पुन्हा घेणारं संरक्षण सुरक्षा दल) किंवा दुसऱ्या सरकारी नोकरीत पुन्हा लागलेल्यांना. त्यांचा राजीनामा मंजूर होऊन कार्यमुक्तीचा कागद अर्ज भरण्याआधी हातात हवा. राजीनामा नुसता दिलाय, एवढं पुरत नाही.

शक्यतेबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. फौजी माणूस पडला की "लोक कृतघ्न आहेत" असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. मला ते साफ चुकीचं वाटतं. फौजी उमेदवार पडतो तो कागदावर आणि बूथवर, आणि हे त्याला आधी कोणी सांगत नाही.

आमच्या तालुक्यातले एक सुभेदार मेजर अपक्ष उभे राहिले होते. स्वच्छ माणूस, पंचक्रोशीत मान, पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा त्यांच्याच हस्ते. अर्ज भरायचं ठरलं तेव्हा कळलं की गावच्या मतदार यादीत त्यांचं नावच नाही. नोकरीत असताना जवानाचं नाव सेवा मतदार म्हणून यादीच्या शेवटच्या भागात असतं. निवृत्तीनंतर ते आपोआप साध्या यादीत येत नाही, नमुना ६ भरावा लागतो. यांनी तो भरला होता, पण मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला फ्लॅट घेतला त्या पत्त्यावर. त्यामुळे उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार आणि पंचवीस वर्षं पूर्ण असलेला माणूस विधानसभेला उभा राहू शकतो. मात्र त्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जाबरोबर किंवा फार तर छाननीच्या वेळी द्यावीच लागते, आणि ती पुण्याहून आणायला अर्ज भरण्याच्या मोजक्या दिवसांतले दिवस गेले. शिवाय स्वतःचं मत स्वतःला देता येत नाही. गावात हे कळलं की विरोधक काय बोलणार ते उघड आहे.

पुढचा घोळ सूचकांचा, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणाऱ्यांचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. सुभेदार मेजरांनी वाडीतलीच दहा माणसं घेतली. त्यातल्या एकाने नाव विरारला हलवलं होतं आणि ते त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. दहाचे नऊ झाले की अर्ज बाद, तिथे दयामाया नाही. एका म्हातारीचा अंगठा घरीच घेतला होता. सही न येणाऱ्याचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. दुसरा संच भरला होता म्हणून ते वाचले. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार संच भरता येतात आणि अनामत एकदाच भरायची असते. ती १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. चारही संच भरा, प्रत्येकात वेगळे दहा सूचक घ्या, आणि प्रत्येकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या पुरवणी यादीतून स्वतः ताडून पाहा. भाग क्रमांक यादी नव्याने झाली की बदलतात. आकडा चुकला तर सुधारता येतो, माणूसच यादीत नसला तर काही करता येत नाही.

शपथपत्र, म्हणजे नमुना २६, हा फौजी माणसाचा खरा कस. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. रकाने कोरे ठेवलेलं शपथपत्र नामंजूर होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलं आहे. त्यातले दोन रकाने आपल्या माणसांना हमखास अडवतात. पहिला जमिनीचा. कोकणात सातबारा समाईक. आजोबांच्या नावावरून खाली उतरत उतरत त्यावर तीस-चाळीस नावं चढलेली असतात, आणि पंचवीस वर्षं नोकरीवर असलेला माणूस म्हणतो, "माझी कुठे शेती, भाऊ करतात." नाव आहे म्हणजे हिस्सा आहे, हिस्सा आहे म्हणजे दाखवायचा. गट नंबर, एकूण क्षेत्र, त्यातला आपला हिस्सा आणि आजचा अंदाजे बाजारभाव. पत्नीच्या माहेरचा वारसाहक्क लागला असेल तर तोही तिच्या रकान्यात. दडवलं तर छाननीत कोणी बोलणार नाही कदाचित, पण जिंकलात तर निवडणूक याचिकेत तोच सातबारा पुढे येईल.

दुसरा रकाना सरकारी निवासस्थानाचा. मागच्या दहा वर्षांत सरकारी क्वार्टरमध्ये राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी नाही असा दाखला जोडावा लागतो. पुढाऱ्यांना वाटतं हा नियम आमदार-मंत्र्यांच्या बंगल्यांसाठी आहे. फौजीचं फॅमिली क्वार्टरही त्यातच आलं. शेवटचं पोस्टिंग पठाणकोटला किंवा जोधपूरला, आणि दाखला हवा आठ दिवसांत! सुभेदार मेजरांनी निघताना क्लिअरन्स घेतला होता, पण त्यावर वीज आणि पाण्याचा उल्लेख नव्हता. युनिटमध्ये अजून नोकरीत असलेल्या एका हवालदाराने एमईएसच्या (सैन्याच्या इमारती, वीज-पाणी बघणारा विभाग) ऑफिसात खेटे घालून तो मिळवला. वडिलांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली नसतील तर हे काम आजच सुरू करा.

फोटोचंही ऐका. मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो. तो दोन बाय अडीच सेंटिमीटर, मागची बाजू पांढरी, तीन महिन्यांच्या आतला आणि साध्या कपड्यातला लागतो. गणवेशातला चालत नाही. टोपी आणि काळा चष्माही टाळायचा. बॅनरवर सैन्याचे, जवानांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये पक्षांना आणि उमेदवारांना कळवलं आणि २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामुळे छातीवर मेडल लावलेला, घरात फ्रेम करून ठेवलेला तो फोटो घरातच राहू द्या. स्वतःचाच आहे म्हणून वाद टळत नाही.

अर्ज दिल्यावर लगेच शपथ घ्या. पलटणीत कसम परेड झाली म्हणून ही सुटत नाही. अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी संविधानाची शपथ घेतली नाही तर बाकीचं सगळं चोख असूनही अर्ज जातो. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. पेन्शनच्या खात्यातून जीपचं डिझेल भरायचं नाही. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, आणि एका दुकानाला किंवा माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख देता येत नाही. हिशोब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा. पडलेले उमेदवार हे विसरतात आणि तीन वर्षांसाठी अपात्र होतात.

एवढं सगळं करून सुभेदार मेजरांचा अर्ज टिकला. मग आलं मतदान. आपल्याकडे मतदारसंघात साधारण तीनशे बूथ धरा. अर्धे डोंगरातल्या वाड्यांवर, काही खाडीपलीकडे. मतदान सातला सुरू होतं, पण अभिरूप मतदान त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला. यंत्रात किमान पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून दाखवतात. तेव्हा आपला पोलिंग एजंट तिथे हवा. म्हणजे तो आदल्या रात्री त्याच वाडीत झोपायला हवा, त्याच्याकडे नमुना १० वर उमेदवाराची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही हवी, आणि संध्याकाळी १७ सीची, म्हणजे बूथवर नोंदलेल्या मतांच्या हिशोबाच्या नमुन्याची, प्रत घेतल्याशिवाय त्याने बूथ सोडायचा नाही. एक एजंट आणि एक बदली धरली तर सहाशे माणसं झाली. सुभेदार मेजरांना निम्म्या बूथवरही माणूस मिळाला नाही. जिथे माणूस नव्हता तिथे दुपारनंतर म्हाताऱ्यांना घरून आणणारी रिक्षा दुसऱ्याचीच होती. डिपॉझिट गेलं. ते वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. १,८०,००० वैध मतं झाली तर ३०,००० च्या वर.

त्यांना उभं करणाऱ्या माजी सैनिकांच्या मंडळींनी तेव्हा सांगितलं होतं, "फौजी मतं गठ्ठ्याने पडतात." हे मी तेव्हाही मानलं नव्हतं. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे असो की आपल्या इकडची सैनिकांची गावं, तिथल्या घरात फौजी एक असतो आणि मतं सहा. त्या सहा मतांवर भावाची सोसायटी, गावकीचा निर्णय आणि मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाची बैठक यांचा हक्क आधी पोचतो. कोकणातली निवडणूक गणपतीत ठरते, चाकरमानी गावी असतात तेव्हा. २०१९ ला गणपती २ सप्टेंबरला बसले आणि मतदान २१ ऑक्टोबरला झालं, भातकापणीच्या ऐन दिवसांत. ज्याने सप्टेंबरात मंडळं गाठली नाहीत त्याला ऑक्टोबरात घरात माणूस सापडत नाही, सगळे शेतावर.

कोकणाने फौजीला नाकारलं, हेही खोटं आहे. १९९१ साली राजापूर लोकसभेत मेजर सुधीर सावंत यांनी मधू दंडवते यांना हरवलं होतं, १९७१ पासून सलग निवडून येणाऱ्या माणसाला. पण त्यांच्यामागे काँग्रेस होती, प्रत्येक बूथवर माणूस होता. विधानसभा लोकसभेपेक्षा लहान असते म्हणून सोपी, असं समजू नये. लहान मतदारसंघात माणूस नाव घेऊन विचारतो: आमचा साकव कधी होणार, एप्रिलमध्ये टँकर का लागतो, रात्रीची मुक्कामी एसटी का बंद केली, खारभूमीचा बंधारा फुटला त्याचं काय. यावर "मी सीमेवर होतो" हे उत्तर होत नाही. आणि वन रँक वन पेन्शन, कॅन्टीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हे सगळं केंद्राकडे. त्याची आश्वासनं विधानसभेच्या प्रचारात देऊ नयेत. घरपट्टीची सवलत, शहिदांच्या वारसांना राज्याची मदत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली रखडलेली कामं, यांवर बोला.

म्हणून माझं स्पष्ट मत: वडिलांनी थेट विधानसभेला अपक्ष उभं राहू नये. आधी ग्रामपंचायत, मग जिल्हा परिषदेचा गट. गटात फिरलं की कुठल्या वाडीत कोण रात्री मुक्काम करू देतो हे कळतं. पक्षाने तिकीट दिलं तर गणित वेगळं: सूचक एक, बूथवर माणसं तयार, चिन्ह ओळखीचं. तिथे पक्षाने अधिकृत उमेदवार ठरवल्याचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले नाहीत तर त्या पक्षाचे उमेदवार म्हणून धरत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. तिकीट हुकेल अशी भीती असेल तर दहा सूचकांचाही एक संच भरून ठेवावा.

वडील सन्मानाने निवृत्त झाले असतील तर पुढचं लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी लिहितो. भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी यासाठी सरकारी सेवेतून बडतर्फ झालेला माणूस पाच वर्षं अपात्र असतो. बडतर्फी दुसऱ्या कारणाने झाली असली, तरी त्या पाच वर्षांत अर्जाबरोबर निवडणूक आयोगाचं तसं प्रमाणपत्र लागतं. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेज बहादुर यादव यांचा २०१९ चा वाराणसीचा अर्ज याच प्रमाणपत्राअभावी बाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. डिस्चार्ज बुकात कारण काय लिहिलंय ते नीट वाचा, आणि वडिलांचं नाव सध्या कोणत्या यादीत आहे ते याच आठवड्यात तहसीलच्या निवडणूक शाखेत जाऊन बघा. यादीतले बदल अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर होत नाहीत.