सांबर दहा हातांवर येतं ते वाऱ्यामुळे

प्रश्न : माझे आजोबा चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या रानात शिकार करायचे. मचाण न बांधता ते पाणवठ्याशी भुईवरच बसत आणि सांबर दहा हातांवर येई, असं घरात सांगतात. हे खरं असेल का? बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या प्राणीगणनेला मलाही तसं खाली बसता येईल का?
– एक वाचक, परतवाडा

उत्तर : आजोबांवर विश्वास ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण मी मेळघाटात वनरक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा त्या पिढीतले जुने कोरकू शिकारी गावोगाव होते. त्यांतले एक बाबा आमच्याकडे रोजंदारीवर वाटाडे म्हणून येत. पाणवठ्यावर पोचले की आधी कमरेची राखेची पुरचुंडी सोडायचे. चिमूटभर राख हवेत टाकायची आणि ती जाते कुठे ते बघूनच जागा ठरवायची. उन्हं तापली की वारा नाल्यातून वर चढतो. सांजेला डोंगर निवला की तीच हवा खाली उतरते. म्हणून संध्याकाळच्या बैठकीला ते पाण्याच्या खालच्या अंगाला बसवत. वरच्या अंगाला बसलात तर घामाचा वास थेट पाण्यावर जातो, मग रात्रभर बसा, काही येत नाही.

अशाच एका बैठकीत सांबराची मादी पळसाच्या झुडपाला वळसा घालून इतकी जवळ आली, की तिच्या ओल्या नाकपुड्या मिटता-उघडताना दिसत होत्या. तिने मला पाहिलं होतं, पण ओळखलं नव्हतं. पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला, थांबली, पुन्हा आपटला. समोरचं काही हलतं का, हे सांबर असंच तपासतं. आम्ही दगडासारखे बसून होतो. तेवढ्यात वारा फिरला. शेपटी ताठ झाली, ‘ढांक’ असा आवाज नाल्यात घुमला आणि पाण्याकडे येणारं बाकीचं सगळं जनावर माघारी फिरलं.

हरणांच्या जातीला लाल-केशरी रंग नीट कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. त्यामुळे निळी जीन्स घालून रानात जाणाऱ्यांना मी आधीच बदलायला लावतो. तरी कपड्यांपेक्षा हालचाल वाईट आणि हालचालीपेक्षा वास.

आता गणनेचं. नाही, खाली बसू नका, मचाणावरच बसा. वारा धरून निश्चल बसलेल्याजवळ सांबर येतं तसंच अस्वलही येतं, आणि त्यालाही तुम्ही कळत नाही. कुमाऊंमधल्या चौगढची नरभक्षक वाघीण शिकारी जिम कॉर्बेटने ११ एप्रिल १९३० रोजी जमिनीवरून मारली, ती सुमारे आठ फुटांवरून. हे अंतर त्याने निवडलेलं नव्हतं. खडकाला वळसा घातला आणि वाघीण समोरच होती. भुईवर जवळीक किती होणार, हे आपल्या हातात राहत नाही. कॉर्बेटच्या हातात रायफल होती, तुमच्या हातात वही असेल.

मला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. त्याची नजर अधू, आणि वारूळ उकरून वाळवी ओढताना त्याचा स्वतःचाच आवाज एवढा, की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते बिचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. पंजे बहुतेकदा डोक्या-चेहऱ्यावरच बसतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांवर हल्ले होतात ते असेच, कारण गळलेला मोह अस्वलालाही हवा असतो.

तुमच्या ओळखीचं कुणी मोहाला जात असेल तर त्यांना आजोबांच्या अगदी उलट वागायला सांगा. चांगलं उजाडल्यावर निघायचं, तिघी-चौघींनी मिळून, मोठ्याने बोलत. झाडाखाली शिरण्याआधी लांबूनच थांबून हाक द्यायची, खोडावर काठी आपटायची आणि थोडा वेळ वाट बघायची. अस्वल असलंच तर त्याला निघून जायला तेवढी सवड पुरते.