मुलगा सारखा धडपडतो, क्रिकेटच्या क्लासला घातलं तर फरक पडेल का?

७ वर्षांचा मुलगा, जिन्यात पण अडखळतो, बॉल अंगावर आला की डोळे मिटतो, मग क्रिकेट लावू का असं विचारलंयत. मी काही कोच नाही, पण आमचा थोरला अगदी असाच होता आणि मी गेली ३-४ वर्षं घराजवळच्या मैदानावर छोट्या पोरांच्या खो-खोला मदतीला जातो, त्यामुळे अशी बरीच पोरं बघून झालीयेत.

आम्ही पण आधी क्रिकेटलाच घातला होता. पांढरे कपडे, किटबॅग, सगळा थाट. एकदा आणायला लवकर गेलो आणि कट्ट्यावर बसून सहज मोजायला लागलो, तर तासाभरात साहेबांच्या वाट्याला ११ बॉल आले, बाकी सगळा वेळ रांगेत उभं राहून बुटाने माती उकरणं चालू. अंगाला वळण लागतं ते तीच हालचाल शेकडो वेळा चुकून चुकून केल्यावर, आता ११ बॉलात काय डोंबल होणार! आणि क्लासची पोरं चपळ दिसतात हे खरंय, पण त्यात एक गोम आहे, मुळात चपळ असतात तीच टिकतात, धडपडी पोरं हसं झालं की दोन महिन्यात सोडतात. आमच्याने पण सोडलंच.

मग खो-खो. तिथे बसायचं, खो मिळाला की झटकन उठायचं, पळता पळता एकदम थांबायचं, पोलला हात घालून वळायचं, म्हणजे तोल, वेग, दिशा सगळं एकदम आणि नंबर सारखा सारखा येतो. पहिले १५ दिवस हा प्रत्येक खो ला उलट्याच दिशेला पळायचा, सगळी पोरं बोंबलायची 😅 नंतर जमलं. मल्लखांब, जिम्नॅस्टिक, पोहणं पण या वयात बेस्ट, बॉलच्या आधी स्वतःचं अंग सांभाळता आलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी काय करायचं तर फुगा. हसू नका, फुगा हळू खाली येतो म्हणून डोळ्याला त्याच्या मागे जायला वेळ मिळतो, तो जमला की मोठा प्लास्टिकचा बॉल, मग टेनिस बॉल. आणि लंगडी, रोज, दोन्ही पायांवर.

प्रगती कळायला एक सोपी गोष्ट सांगतो. जर्मनीत १९७४ पासून केटीके नावाची, पोरांच्या अंगाचा तोल आणि ताळमेळ मोजणारी टेस्ट आहे, त्यात पोरांना ६, साडेचार आणि ३ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांवरून उलटं चालायला लावतात, एका पायावर उडी मारायला लावतात, आणि जमिनीवर मध्ये ठेवलेल्या एका पट्टीच्या इकडून तिकडे दोन्ही पाय जोडून १५ सेकंदात किती उड्या होतात ते मोजतात. ही शेवटची फरशीवर चिकटपट्टी लावून घरी करता येते. महिन्यातून एकदा मोजा आणि त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघा, शेजारच्या पोराशी नको.

एक मात्र बघा, शर्टाची बटणं, बुटाची लेस, डबा उघडणं, अक्षर, हे सगळंच वयाच्या मानाने खूप मागे असेल तर क्लास बदलत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे हालचालींचा ताळमेळ वयाप्रमाणे न जमणं) म्हणून एक प्रकार असतो, शंभरात साधारण ५-६ मुलांना, आणि ती पोरं आळशी अजिबात नसतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं, हालचाली सरावाने जमवून घेणारे) खूप फरक पडतो.

आणि हो, डोळे मिटतो म्हणालात ना, एकदा नंबर पण तपासून घ्या. आमच्या धाकटीला बॉल पकडता येत नाही म्हणून आम्ही ६ महिने तिला ओरडत होतो, निघाला चष्मा.