तळाशी मुकुट आणि 'एन' असलेली घोड्यावरच्या नेपोलियनची मूर्ती खरंच नेपोलियनच्या काळातली असते का?

नाही. तो 'एन' नेपोलियनचा नाहीच, इटलीतल्या नेपल्सचा आहे.

तुम्ही लिहिलंय की बर्लिनच्या रविवारच्या जुन्या बाजारात ही पोर्सेलीनची मूर्ती दिसली. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, स्वाराचा हात वर, तळाशी निळा मुकुट आणि खाली 'एन'. दुकानदार म्हणतो दोनशे वर्षांपूर्वीची, खुद्द नेपोलियनसाठी केलेली, आणि ६०० युरो मागतो. मीही बर्लिनमध्येच राहतो. हीच कथा मला दोन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकवली गेलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुकुटाखालचा 'एन' ही नेपल्सच्या राजघराण्याच्या पोर्सेलीन कारखान्याची खूण. १७७१ मध्ये नेपल्सचा बूरबाँ घराण्यातला राजा फर्डिनांड याने तो सुरू केला. आता गंमत बघा. मूर्ती ज्या चित्रावरून घेतलीय ते फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं 'आल्प्स ओलांडणारा नेपोलियन' रंगवलं गेलं १८०१ मध्ये. १८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजा नेपल्सवर चालून आल्या, फर्डिनांड सिसिलीला पळाला आणि गादीवर नेपोलियनचा भाऊ जोसेफ बसला. म्हणजे मधल्या चार-पाच वर्षांत फर्डिनांडच्या कारखान्याने आपल्याच वैऱ्याची वीरश्रीयुक्त मूर्ती घडवली असं मानावं लागेल. शक्य वाटतं?

कारखाना बंद पडल्यावर ती खूण मात्र बेवारशी झाली. एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही इटलीतल्या नि जर्मनीतल्या कितीतरी कारखान्यांनी ती बिनदिक्कत वापरली. जर्मनीत रुडोलश्टाटच्या एर्न्स्ट बोने कारखान्याच्या मालावरही ती सापडते. रुडोलश्टाट ज्या प्रांतात येतं त्या थुरिंजियात तर नेपोलियन आणि त्याचे सेनापती हा चलतीचा माल होता, तिथल्या शाइबे-आल्सबाख कारखान्याचे नेपोलियन अजूनही बाजारात दिसतात. तुमची मूर्ती बहुधा याच गोतावळ्यातली, दिवाणखान्यात ठेवायला केलेली. म्हणून ती वाईट ठरत नाही, फक्त ६०० ची नाही.

घ्यायच्या आधी शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात जाऊन मूळ चित्र बघून या. दाविदने याच्या पाच आवृत्त्या केल्या, त्यातली एक तिथे आहे. सेनापती ब्ल्यूशरच्या प्रशियन सैन्याने ती फ्रान्समधून उचलून आणली. तिच्यात घोडा तांबूस आणि झगा लाल, पॅरिसजवळच्या मालमेझों वाड्यातल्या आवृत्तीत झगा पिवळसर केशरी. खाली खडकावर बोनापार्ट आणि त्याच्याआधी आल्प्स ओलांडलेले हॅनिबल नि शार्लमेन यांची नावं कोरलेली दिसतील. (खरा नेपोलियन मे १८०० मध्ये खेचरावरून घाट चढला होता. चित्रासाठी समोर बसायलाही तो तयार नव्हता, शिडीवर बसला तो दाविदचा मुलगा.)

चित्र बघून आल्यावर मूर्तीच्या घोड्याच्या पोटाखाली बघा. तिथे खडक किंवा झाडाचं खोड असणारच. चित्रात घोड्याला टेकू लागत नाही, पण पोर्सेलीन भट्टीत तेराशे-चौदाशे अंशांवर मऊ पडतं, आणि दोन बारीक पायांवर एवढं धूड तोललं तर खाली बसतं. हा टेकू किती बेमालूम लपवलाय यावरून मी कारागिराची पारख करतो. काहींनी झग्याचा घोळच खाली आणून खडकाला भिडवलेला असतो, ते काम सरस. नुसता खुंट उभा केलेला असेल तर स्वस्तातला माल.

आणि वर केलेला तो हात! सगळ्यात आधी तोच तुटतो. मी ९० युरोंना घेतलेली मूर्ती घरी आणून कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून हौसेने धुतली. मनगटावर आधी बारीकशी पिवळी रेघ उमटली आणि मग अख्खा हात सिंकमध्ये टुपकन पडला. जुना डिंक सुटला होता, वरचा रंगही त्याच्याबरोबर गेला. तेव्हापासून खिशात यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च ठेवतो. तिच्या उजेडात डागडुजी केलेला भाग बहुतेक वेळा वेगळा चमकतो. टॉर्च नसेल तर मनगट, बोटं, टोपीची टोकं आणि लगाम यांवरून नख फिरवा. भाजलेली झिलई गार आणि गुळगुळीत लागते, मागून फासलेला रंग किंचित चिकट, कोमट लागतो.

हात शाबूत असेल आणि मूर्ती मनात भरली असेल तर मी १५० पर्यंत जाईन, त्यापुढे नाही. दुकानदाराशी 'एन'वरून वाद घालू नका, फक्त "दुरुस्ती कुठे केलीय?" एवढं विचारा आणि त्याची नजर मूर्तीवर कुठे जाते ते बघा. घेतलीत तर धुऊ नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका.