रिपोर्ट नॉर्मल, मग मी खोटी का?

“मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. म्हणजे माझं दुखणं मनाचंच का?” कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा लिहायलाच हवं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

हे विचारणाऱ्या पस्तिशीतल्या एक बाई एका तापातून उठल्या त्या थकूनच. झोपूनही अंग गळालेलं. घटाआधी घरातल्या गोधड्या धुतल्या आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासून नाव दिलं, क्रॉनिक फटिग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा दीर्घ आजार. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हती असली दुखणी.”

तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून कागद काढला. सायटोकाइनच्या महागड्या तपासणीच्या माहितीचा. “यात तरी सापडेल ना?”

सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना धाडतात ते निरोप. फ्लूत अंग मोडून येतं, पडून राहावंसं वाटतं, ते बरंचसं यांच्यामुळेच. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी या आजाराच्या १९२ रुग्णांच्या रक्तात असे ५१ निरोप मोजले. आजार जितका तीव्र, तितके त्यांतले १७ चढे होते. पण हे चित्र अनेकांचं मिळून दिसतं. एकट्याच्या रक्तावरून निदान करणारी तपासणी अजून नाही. हे सगळं सांगून मी विचारलं, “समजा केलीत, तर रिपोर्ट कुणाला दाखवणार?”

त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मी बोलले नाही. अशी शांतता मोडायची नाही, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून कमावलंय.

“सासूबाईंना. गोधड्यासुद्धा त्यांना दिसाव्यात म्हणूनच धुतल्या, मॅडम. मी आळशी नाही म्हणून.”

तिथे मला उमगलं. आळशी नसल्याचा पुरावा द्यायला त्या झिजत होत्या आणि दर पुराव्यानंतर आजार बळावत होता. समोरच्याचं म्हणणं आधी खरं मानायचं, ही माझी पद्धत. इथे तीच उपयोगी पडली.

समुपदेशनाने हा आजार बरा होतो असं मी कधीच सांगत नाही. “उभारी धर, रोज थोडं जास्त चाल” हा सल्ला तर यात अपाय करू शकतो. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार देऊ नये असं स्पष्ट केलंय. त्याऐवजी मी त्यांना सांगितलं, थकण्याआधी थांबायचं. बरं वाटलं त्या दिवशी तर नक्कीच. भाकरी स्टुलावर बसून करायची, धुणं दोन दिवसांत वाटायचं. नवं लक्षण दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं.

पुढच्या भेटीला सासूबाई सोबत आल्या. बराच वेळ पदर चाळवत बसल्या. निघताना दारात वळून म्हणाल्या, “बाई, ते स्टूल किती उंचीचं घ्यायचं?”