आमची सोसायटी नेमकी कुणाच्या हद्दीत? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, पुण्याच्या पश्चिमेला महापालिकेची हद्द संपते तिथून पुढं आमची सोसायटी आहे, 380 फ्लॅट. तीन महिन्यांत पार्किंगमधून दोन बाईक गेल्या, एका काकूंचं मंगळसूत्र गेलं. मेन रोडपासून गेटपर्यंत सगळा अंधार. महापालिका म्हणते तुम्ही आमच्यात नाही, ग्रामपंचायत म्हणते बिल्डरला विचारा, जवळच्या चौकीत गेलो तर म्हणाले तुमचा एरिया पुढच्या ठाण्यात येतो. टॅक्स भरायचा आणि वाली कुणीच नाही, असं का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण मी स्वतः 11 वर्षं अशाच ठिकाणी राहते आणि हे सगळे फेरे मारून झालेत. पहिली गोष्ट म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणी हद्द एक नसते, तीन असतात, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. रस्त्यावरचा दिवा, कचरा, गटार हे ग्रामपंचायतीचं. बांधकाम परवानगी आणि डीपी म्हणजे विकास आराखडा पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ती 2015 ला आली. आणि पोलीस ठाणं हे तिसरंच. हिंजवडी, माण, मारुंजी घ्या, तिथं कारभार ग्रामपंचायतीचा पण पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, ते 15 ऑगस्ट 2018 पासून. म्हणजे ग्रामपंचायत आहे म्हणून पोलीस ग्रामीणचेच असं काही नाही. त्यात हद्दी बदलत राहतात, फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 ला महापालिकेत गेली आणि 2024 ला बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. लोकांनी लक्षात तरी काय काय ठेवायचं?

पण गुन्हा नोंदवायला हद्द आडवी येऊ शकत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, ती घेऊन पुढं योग्य ठाण्याला पाठवणं हे त्यांचं काम. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्या. घेतच नाहीत म्हणाले तर सगळी हकिगत लिहून पोस्टानं एसपींना म्हणजे पोलीस अधीक्षकांना पाठवा, आयुक्तालयात असाल तर डीसीपींना म्हणजे पोलीस उपायुक्तांना, हेही त्याच कलमात आहे. तुमच्या दोन बाईक आणि मंगळसूत्र, तिन्हीची एफआयआर झालीये का हे पत्रात लिहिलं नाहीये आणि मला भीती हीच वाटते की झाली नसणार, सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा झाली असणार. कागदावर गुन्हाच नसेल तर त्या ठाण्याच्या दृष्टीनं तुमचा भाग शांत आहे, मग गस्तीची गाडी तुमच्याकडं कशाला वळेल?

112 ला फोन करताना एक करा. तो फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही, आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या कंट्रोल रूमला जातो आणि तिथून तुमच्याकडच्या गाडीला निरोप जातो. फोन उचलणाऱ्याला तुमचा ओढा आणि पाण्याची टाकी कुठून माहीत असणार? गावाचं नाव, तालुका, मोठी ओळखीची खूण आणि कुठल्या गेटनं आत यायचं एवढं एका कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवून ठेवा, घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी पत्ता सांगता येत नाही.

आता दिव्यांचं. आमच्याकडंही हेच होतं. एका 2 ऑक्टोबरला आम्ही सोसायटीतले 9 जण पहिल्यांदा ग्रामसभेला गेलो, मारुतीच्या देवळापुढं सतरंज्या टाकलेल्या, ग्रामसेवकांनी रजिस्टर पुढं केलं आणि विचारलं, इथल्या मतदार यादीत नाव आहे का? 9 पैकी 2 जणांचं निघालं. बाकी कुणाचं सोलापूरला, कुणाचं अकोल्याला, माझं माहेरच्या पत्त्यावर. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं, यादीत नसलेल्याला हात वर करता येत नाही, आणि ज्यांचं मत गावात नाही त्यांच्या दिव्याची सरपंचाला घाई का असावी, सांगा. मला त्या दिवशी राग आला होता पण चूक आमचीच होती. त्या वर्षी आम्ही घरोघर फिरून मतदार नोंदणीचे फॉर्म 6 भरून घेतले, आमच्या आणि शेजारच्या सोसायटीतली 140 नावं चढली. पुढच्या ग्रामसभेला जाताना नुसतं "अंधार आहे" म्हणायला गेलो नाही, दोघं जण आदल्या रात्री चालत गेले आणि प्रत्येक पोलवरचा नंबर लिहून आणला, 14 पोल, 5 दिवे बंद, 3 पोलवर फिटिंगच नाही. पोल महावितरणचा असला तरी त्यावरचा दिवा लावायचा-बदलायचा ग्रामपंचायतीनं, त्यामुळं नंबरासकट अर्ज दिला की टोलवाटोलवी कमी होते. पाऊस संपायच्या आत दिवे लागले.

आणि पोलीस पाटलांना भेटलात का? बहुतेक सोसायटीवाल्यांना हे पद अजून आहे हेच माहीत नसतं. 1967 च्या ग्रामपोलीस कायद्यानं नेमलेला, गावातच राहणारा माणूस, गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवणं हेच त्याचं काम. आमचे पाटील सकाळी सहाला डेअरीवर दूध घालायला येतात. पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनीच मला विचारलं, "ताई, तुमच्या मागच्या भिंतीला रात्री दोन-अडीचला टेम्पो कुणाचा लागतो हो?" त्यांचा ऊस आमच्या भिंतीला लागून, रात्री पाणी द्यायला जायचे तेव्हा बघायचे. त्यांना वाटायचं आमचंच कुणीतरी असेल. आम्ही जाऊन बघितलं तर भिंतीचे चार ब्लॉक काढून परत नुसते रचून ठेवलेले, मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीआड, डिझेल तिथूनच जात होतं. 32 कॅमेरे होते आमच्याकडं, सगळे आत तोंड करून. ज्या माणसानं बघितलं होतं त्याच्याशी आमची ओळखच नव्हती, मधे आठ फुटी भिंत. म्हणून सांगते दादा, कॅमेरे वाढवायच्या आधी भिंतीपलीकडच्या शेतकऱ्याचा, टपरीवाल्याचा, दूधवाल्याचा नंबर घ्या आणि तुमचा त्यांना द्या. त्यांची मोटर आणि केबल चोरीला जाते तेव्हा आपण कधी विचारतो का?

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्याकडं गावातली आणि सोसायटीतली मुलं मिळून रात्री गस्त घालतात. मागं चोर रात्री ड्रोन उडवून टेहळणी करतात अशी अफवा होती तेव्हापासून सुरू झालंय. परवा ग्रुपवर दोन अनोळखी बायकांचा फोटो आला, खाली लिहिलेलं "मुलं पळवणारी टोळी, दिसल्यास सोडू नका". माझा मुलगाही गस्तीत असतो. मला फार भीती वाटते, पण बोलले तर म्हणतात तुम्हाला सुरक्षितता नको का?

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे आणि तुम्ही बोलाच, आजच बोला. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असाच मेसेज फिरत होता. बाजाराचा दिवस, भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पार सोलापूरकडून आलेले, त्यांना लोकांनी धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच मारून टाकलं. पाचही निरपराध. 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेवर दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या मारहाणीत गेले. त्या जमावातल्या किती जणांना घरून निघताना वाटलं असेल की आज आपण माणूस मारणार आहोत? गावाचं रक्षण करायलाच निघाले होते सगळे. 2024 च्या पावसाळ्यात जुन्नर, आंबेगाव, खेड पट्ट्यात ड्रोनच्या भीतीनं गावंच्या गावं जागत होती तेव्हा माझ्या पोटात हाच गोळा होता.

गस्त वाईट नाही, पण ती ठाण्याच्या माहितीत हवी. ग्रामसुरक्षा दल ही कायद्यातली गोष्ट आहे, ठाण्यात जाऊन मुलांची नावं द्या, बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचा भाग सांभाळणाऱ्या पोलिसाला, एकदा बोलावून मुलांसमोर बसवा, काय करायचं आणि काय नाही ते त्यांच्याच तोंडून ऐकू दे. काठी, शिट्टी, बॅटरी बास, कोयते-बियते घेऊन फिरणारा पोरगा गस्तीत नको म्हणजे नको. साध्या माणसाला दुसऱ्याला धरायचा अधिकार फार थोडा आहे, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल तर धरता येतं किंवा तो जाहीर केलेला फरार गुन्हेगार असेल तर, आणि धरल्यावर उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, असं नव्या संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. अनोळखी आहे, भाषा वेगळी आहे, कपडे मळलेत, हा गुन्हा नाही. धरून मारणं हा मात्र गुन्हा आहे आणि व्हिडिओत पहिला चेहरा तुमच्या मुलाचा असेल.

त्या फोटोचं म्हणाल तर ॲडमिनला फोन करून डिलीट करायला लावा आणि फोटो ठाण्याला पाठवा. कुणी संशयास्पद वाटलंच तर 112, एवढंच. त्या दोन बायका कदाचित डोंगरापलीकडं साइटवर कामाला आलेल्या असतील, त्यांनाही घरी पोरं असतील हो.

तुम्हाला कुणी म्हणालं की लोक आणि पोलीस एकत्र येऊन काय होतं, तर भिवंडीचं सांगा. 1984 ला तिथं भीषण दंगल झाली होती. 1988 पासून सुरेश खोपडे तिथं डीसीपी होते, त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात हिंदू-मुसलमान दोघांना घेऊन कमिट्या केल्या, पोलीस त्यात नियमित बसायचे, नळाच्या भांडणापासून सगळं तिथं बोललं जायचं. 1992-93 ला शेजारची मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. ती माणसं आधी चार वर्षं एकमेकांच्या ओळखीची झाली होती, मग अफवा आली तेव्हा एकमेकांना विचारायची सोय होती.

प्रश्न : फ्लॅट भाड्यानं दिलाय, पोलिसांना कळवणं खरंच गरजेचं आहे का? आणि वॉचमनचं व्हेरिफिकेशन कुणी करायचं?

उत्तर : भाडेकरूची माहिती द्याच, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरबसल्या भरता येते. ही माहिती आहे, परवानगी नाही, त्यामुळं त्यावरून कुणाला जात-धर्म बघून फ्लॅट नाकारायचा धंदा सोसायटीनं करू नये. वॉचमनचं व्हेरिफिकेशन एजन्सीनं करायचं, 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्यानं एजन्सीला लायसन्स लागतं, करार करताना त्याची कॉपी मागा. आणि त्या वॉचमनला बारा तास उभं करून झोप लागली म्हणून ओरडू नका, खुर्ची, पंखा आणि संडास द्या.

प्रश्न : मी आयटी पार्कात सेकंड शिफ्टला आहे, रात्री एकला सुटते. कंपनीची कॅब मेन रोडला सोडते, आत गाडी वळवायला जागा नाही म्हणतात. तिथून पीजीपर्यंत 10 मिनिटं चालत, कुत्री, अंधार आणि बाईकवरची मुलं. आईला सांगितलं तर नोकरी सोड म्हणेल.

उत्तर : बाळा, नोकरी सोडायची नाही आणि ते 10 मिनिटं चालायचंही नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आहे की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला काम द्यायचं तर तिच्या संमतीनंच, आणि तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची व्यवस्था मालकानं करायची. दारापर्यंत, मेन रोडपर्यंत नाही. एचआरला ईमेल कर, तोंडी नको, त्यात हा कायदा लिही, कॅब कुठं सोडते ते लिही, आणि तुझ्यासारख्या त्याच रूटवर अजून ज्या मुली असतील त्यांची नावं त्यांना विचारून खाली घाल, एकटीच्या ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो. ते होईपर्यंत पीजीच्या मावशींना रोज कॅबमध्ये बसल्यावर फोन कर आणि त्यांना टॉर्च घेऊन कोपऱ्यापर्यंत यायला सांग, त्या येतील. बाईकवाले परत दिसले तर नंबर बघत थांबू नकोस, 112 लाव. आणि आईला सांग गं. ईमेल पाठवल्यावर सांग, पण सांग.